मुलाखतीआधीची स्थळपाहणी

लोणावळ्याहून पुण्याला जाणारी लोकल साधारण दीड तास घेते. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव अशी एकेक स्थानके घेत ती शिवाजीनगरला पोहोचेपर्यंत माणसाच्या हाती भरपूर वेळ असतो. ही लोकल ११ मार्च १९७८ रोजी सुरू झाली. मी बँकेत लागलो त्या ऐंशीच्या दशकात या डब्यांत पत्त्यांचे डाव पडत, भजने रंगत आणि खिडकीशी बसलेला एखादा जण वाचनालयाचे पुस्तक उघडून बसलेला असे. आता डबा शांत असतो. बहुतेकांच्या कानांत इअरफोन असतात. कोणी गाणी ऐकतो, कोणी शेअर बाजारावरची चर्चा, आणि कोणी तासतासभर चालणाऱ्या मुलाखती.

काही महिन्यांपूर्वी याच गाडीत शेजारच्या गृहस्थांना मी ‘जरा सरकता का’ असे म्हणालो, तशी समोर बसलेल्या मुलीने कानातली गोळी काढली. आकुर्डीला नोकरीला जाणारी, चोविशी-पंचविशीची मुलगी. ‘काका, तुम्ही ते पॉडकास्टमधले ना? आवाजावरून ओळखलं.’ लेखकाला चेहऱ्यावरून कोणी ओळखत नाही, आवाजावरून ओळखणे तर दूरच. मला बरे वाटले. मुलाखत पूर्ण ऐकली, आवडली, असे ती म्हणाली. ‘मग कादंबरी वाचावीशी वाटली का?’ मी विचारले. तिने क्षणभर विचार केला आणि अगदी निर्मळपणे सांगितले, ‘खरं सांगू का काका? सगळं कळलंच की त्यात.’

तळेगाव येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होतो. चाळीस मिनिटे बोलून मी माझ्याच पुस्तकाची गरज संपवली होती. आणि ते पुस्तक लिहायला मला चार वर्षे लागली होती.

लेखकाची चांगली मुलाखत कोणती, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यात आहे. पॉडकास्ट हा शब्द आता आपल्याकडे चांगलाच रुळला आहे. २००४ साली ‘गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकातल्या एका लेखात तो सुचवला गेला. आयपॉडमधला ‘पॉड’ आणि ब्रॉडकास्टमधला ‘कास्ट’ यांची ती जोडणी. आयपॉडचे उत्पादन २०२२ साली बंद झाले, शब्द मात्र टिकला. मराठीत ‘मित्र म्हणे’, ‘व्हायफळ’, ‘अमुक तमुक’ अशा कार्यक्रमांनी ऐसपैस गप्पांची सवय तरुण श्रोत्यांना लावली. त्यांच्या पाठोपाठ गावोगावी अशी मंडळी तयार होत आहेत. एक मोबाइल, दोन छोटे माइक आणि बोलायला एक माणूस, एवढ्या भांडवलावर कोणालाही आज आकाशवाणी काढता येते. भांडवल इतके कमी असले की त्या धंद्यात गर्दी होते, हे बँकेत बसलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. प्रश्न भांडवलाचा नाही. ते वापरायचे कसे, हा आहे.

माझी ती पहिली मुलाखत पुण्यातल्या एका स्टुडिओत झाली. कोणत्या, ते सांगण्यात अर्थ नाही. मुले उत्साही होती, अगत्यशील होती, त्यांनी मला उत्तम चहा पाजला. मागे निळा दिवा, समोर दोन कॅमेरे. ‘सर, लेखनाकडे कसे वळलात?’ ‘बँकेची नोकरी आणि लेखन यांचा मेळ कसा घातलात?’ ‘कादंबरीची थीम काय आहे?’ ‘नवोदितांना काय संदेश द्याल?’ मी उत्तरे दिली. ती सगळी खरी होती, आणि त्यांतले एकही नवे नव्हते. पंचवीस वर्षे मी तीच देत आलो आहे. शिक्का शाईत बुडवावा आणि कागदावर उमटवावा, तसे चालले होते. कादंबरी थोडक्यात सांगा म्हटल्यावर मी ती सांगून टाकली. शेवटासकट. मग त्यातल्या एका वाक्याला करुण संगीत जोडून एका मिनिटाची रील तयार झाली आणि ती बरीच पाहिली गेली म्हणतात.

समोरच्या तरुणाने कादंबरी वाचलेली नव्हती, हे मला दुसऱ्या प्रश्नाला कळले. त्याच्यावर रागवायचा अधिकार मात्र मला नाही. वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात, गणेशोत्सवातल्या व्याख्यानमालेत मीही लेखकांच्या मुलाखती घेतल्या आहेत, आणि त्यांतल्या निदान दोघांचे पुस्तक मी मलपृष्ठावरच्या मजकुरापलीकडे वाचलेले नव्हते. कार्यक्रम रंगले. टाळ्याही पडल्या.

त्या टाळ्यांतच खरी गोम आहे. आपल्याकडे मुलाखत म्हणजे प्रकट मुलाखत. साहित्य संमेलनाच्या मांडवात, नाट्यगृहात, शाळेच्या पटांगणात दोन खुर्च्या मांडायच्या आणि समोरच्या पाचशे माणसांना गुंतवून ठेवायचे. सुधीर गाडगीळांसारख्या माणसाने ही कला महाराष्ट्रात घरोघर पोहोचवली, आणि ती सोपी नाही. पाचव्या मिनिटाला हशा यावा लागतो, किस्सा यावा लागतो, अवघड वळण आले तर ते अलगद टाळावे लागते, कारण मांडवातली अस्वस्थता सांभाळणे कोणाला जमत नाही. मंचावरच्या मुलाखतकाराचे अर्धे लक्ष श्रोत्यांकडे असते, आणि तसेच ते असायला हवे.

पॉडकास्टचा श्रोता पाचशेंतला नसतो. तो एकटा असतो. लोकलमध्ये, स्वयंपाकघरात, रात्रपाळीच्या पहाऱ्यावर, आवाज थेट त्याच्या कानात असतो. त्याला हसवण्याची घाई नसते. ही जवळीक आपल्याला अगदी नवी आहे असेही नाही. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुण्याचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले तेव्हापासून लेखकांचे आवाज घरात येत आले. १९७२ साली मुंबई दूरदर्शन आले आणि ‘प्रतिभा आणि प्रतिमा’सारख्या कार्यक्रमात लेखक-कलावंत दिसूही लागले. पण तिथे घड्याळ होते. पुढच्या बातम्यांची वेळ झाली की लेखकाचे वाक्य अर्ध्यावर राही. पॉडकास्टने घड्याळ काढून टाकले, आणि ध्वनिमुद्रण कोणालाही केव्हाही मिळेल असे ठेवले. मोठी सोय झाली. मात्र तिच्याबरोबर एक जबाबदारीही आली. मांडवातली फसलेली मुलाखत रात्री लोक घरी गेले की विरून जायची. ही राहते. उद्या लेखक नसेल तेव्हा त्याचा आवाज म्हणून हेच ऐकवले जाईल.

मी बँकेत शेतीकर्जे पाहत असे. नव्वदच्या दशकात मावळात भाताच्या खावटीपासून गुलाबाच्या हरितगृहांपर्यंत नाना प्रकारचे अर्ज येत. टेबलाशी बसून विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे काय येतात हे मला पाठ होते. ‘विहिरीला पाणी आहे?’ ‘आहे साहेब.’ ‘बारमाही?’ ‘बारमाही.’ अर्जदार खोटे बोलत नसे. कोणते उत्तर दिले की कागद पुढे सरकतो, ते त्याला ठाऊक असे. म्हणून कर्ज मंजूर करण्याआधी स्थळपाहणीचा नियम होता. बांधावर उभे राहायचे, विहिरीत डोकावायचे. आमच्या एका जुन्या साहेबांनी मला पहिल्याच पाहणीत शिकवले होते, ‘पाणी आहे का विचारू नका. दोर बघा.’ विहिरीवरचा दोर नव्याने गाठ मारून वाढवलेला होता. ‘हा दोर कधी वाढवलात?’ एवढाच प्रश्न साहेबांनी विचारला. त्यानंतर तो शेतकरी अर्धा तास बोलत होता. पाण्याविषयी, भावाविषयी, आधीच्या सावकाराविषयी. कर्ज शेवटी मंजूर झाले, वेगळ्या कारणासाठी आणि वेगळ्या रकमेचे.

लेखकाच्या मुलाखतीत पुस्तक वाचणे म्हणजे ही स्थळपाहणी. ती न करता विचारलेल्या प्रश्नाला टेबलावरचेच उत्तर मिळणार. हल्ली तर पुस्तकाचे नाव सांगितले की यंत्र मिनिटभरात दहा प्रश्न काढून देते. मी गंमत म्हणून माझ्या कादंबरीवरचे काढून पाहिले. दहाही नीटनेटके होते, आणि दहांपैकी एकालाही विहिरीत डोकवावे लागले नव्हते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका नभोवाणी केंद्रावर मायकेल सिल्व्हरब्लॅट नावाचे गृहस्थ १९८९ पासून २०२२ पर्यंत ‘बुकवर्म’ हा कार्यक्रम करत. अर्ध्या तासाच्या गप्पांसाठी ते त्या लेखकाची झाडून सगळी पुस्तके वाचत, असा त्यांचा लौकिक होता. डेव्हिड फॉस्टर वॉलेस या लेखकाची ‘इन्फिनिट जेस्ट’ ही हजारावर पानांची कादंबरी १९९६ साली आली. हे लिहायला किती वर्षे लागली, असे सिल्व्हरब्लॅट यांनी विचारले नाही. या कादंबरीची घडण मला फ्रॅक्टलसारखी वाटते, म्हणजे मोठ्या आकारात तोच लहान आकार पुन्हा पुन्हा येतो तशी, असे ते म्हणाले. लेखक चकित झाला. पहिल्या खर्ड्याची रचना आपण खरोखरच गणितातल्या तशा एका त्रिकोणी आकृतीवर बेतली होती, हे त्याने तिथे सांगितले. प्रश्न पुस्तकाच्या आतून आला, म्हणून उत्तरही आतून आले.

आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर प्रतिभा रानडे यांच्या ‘ऐसपैस गप्पा : दुर्गाबाईंशी’ या पुस्तकाचे देता येईल. दुर्गा भागवतांसारख्या प्रखर बाईंशी, १९७५ च्या कऱ्हाडच्या संमेलनात अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध बोललेल्या बाईंशी, बोलायचे तर समोरच्याला बैठक लागते. लोकसाहित्यापासून स्वयंपाकापर्यंत बाई जिकडे जातील तिकडे मागोमाग जाता आले पाहिजे. ते पुस्तक वाचताना विचारणारीचा आवाज फार जाणवत नाही. तिने आधी किती वाचले असेल, हे मात्र पानोपानी जाणवते.

आता माझ्या दुसऱ्या मुलाखतीविषयी.

लोकलमधल्या त्या प्रसंगानंतर दोनेक महिन्यांनी कामशेतच्या एका तरुणाचा फोन आला. दिवसा एका कारखान्यात काम करतो, रविवारी मावळातल्या माणसांशी बोलून ते ध्वनिमुद्रित करतो. ‘साहेब, तुमची कादंबरी दोनदा वाचली. एकच गोष्ट विचारायची आहे, पण ती समोर बसून.’ ऑगस्टचे दिवस होते. त्याच्या घरावर पत्रा. पावसाचा आवाज असा की शेजारच्याचे बोलणे ऐकू येऊ नये. त्याने मधल्या खोलीच्या भिंतींना आईच्या गोधड्या टांगल्या होत्या, पंखा बंद केला होता, आणि सर कोसळली की आम्ही दोघे गप्प बसून ती ओसरण्याची वाट पाहत होतो. निळा दिवा नव्हता. कॅमेराही नव्हता.

त्याने आधी मला कादंबरीतले एक पान वाचायला लावले. ही कादंबरी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासाठी जमीन गेलेल्या एका घराची आहे. तो मार्ग २००२ साली पूर्ण झाला. त्याआधीच्या चार-पाच वर्षांत मावळातल्या कितीतरी घरांत मोबदल्याचे धनादेश आले. कादंबरीतल्या घरातही येतो. मग जीप येते, लग्न होते, बंगल्याचे जोते उभे राहते, दोन भावांत फूट पडते, आणि सहा वर्षांत जमीनही नाही आणि पैसाही नाही अशी अवस्था होते. मी वाचले ते धनादेश बँकेत जमा करायला म्हातारा जातो त्या दिवसाचे पान.

वाचून झाल्यावर तो म्हणाला, ‘साहेब, या पानात म्हातारा आहे, त्याची टोपी आहे, रांग आहे, काउंटर आहे. काउंटरच्या आतला माणूस नाही. पुढेही कुठे येत नाही. तुम्ही तर तेव्हा आतच बसत होतात ना?’

ती मुलाखत मी नंतर ऐकली तेव्हा त्यापुढची शांतता घड्याळ लावून मोजली. एकोणीस सेकंद. त्या एकोणीस सेकंदांत त्याने ‘म्हणजे मला असं म्हणायचं होतं’ असे म्हणून प्रश्न सावरला नाही. मला सुटकेची वाट काढून दिली नाही, की पुढचा प्रश्न टाकला नाही. पत्र्यावर पाणी ठिबकत होते, तेवढे ऐकू येते.

मग मी सांगितले. मार्चअखेर होती. शाखेला ठेवींचे उद्दिष्ट होते. ज्या घरांत धनादेश येणार त्यांची यादी माझ्या खणात होती. पेढ्यांचा पुडा घेऊन मी त्या घरी गेलो आणि मुदत ठेव आमच्याच शाखेत ठेवा म्हणून गळ घातली. दीड वर्षाने मुले ठेव मोडायला आली, तेव्हा ठेव मोडू नका, तिच्या तारणावर जीपसाठी कर्ज घ्या, असे मीच सुचवले. माझे दोन्ही रकाने भरले, ठेवींचा आणि कर्जांचाही. त्या वर्षी मला प्रशस्तिपत्र मिळाले. मी काही बेकायदा केले नव्हते. पण त्या घरात कोणी शहाणे माणूस सल्ला द्यायला गेले असेल तर ते मीच होतो, आणि मी दिलेला सल्ला माझ्या सोयीचा होता. कादंबरी लिहिताना मी त्या घरातले सगळे काही पाहिले. स्वतःला तेवढे बाहेर ठेवले.

हे मी वीस वर्षांत कोणाला सांगितले नव्हते. ते लपवून ठेवले होते असेही नाही. कोणी विचारले नव्हते एवढेच, आणि विचारायचे तर त्या पानावर काय नाही ते दिसावे लागते.

मुलाखत प्रसारित झाल्यावर बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. ‘आपल्या घरचं बाहेर कशाला?’ तो दुखावला होता आणि त्याचे दुखावणे मी समजू शकतो. कादंबरीतल्या घराशी ज्याचे घर मिळतेजुळते आहे त्या घरातल्या धाकट्याने कोणाकरवी निरोप पाठवला, ‘साहेबांना सांगा, ऐकलं.’ एवढाच. त्याचा अर्थ मी अजून लावतो आहे.

बोलण्याच्या ओघात त्या घराचे आडनाव माझ्या तोंडून गेले होते. मुलाखत संपताच मी ते काढायला सांगितले. तरुणाने ते काढले, आणि काढल्यावर तेवढा भाग मला ऐकवलाही. बाकी काही बदलले नाही, मीही बदला म्हटले नाही. १९५३ साली सुरू झालेल्या ‘पॅरिस रिव्ह्यू’ या नियतकालिकातल्या लेखक-मुलाखती जगभर नावाजल्या जातात. तिथे लेखकाला आपली उत्तरे छापण्याआधी पाहून दुरुस्त करता येतात. काहींना ही लबाडी वाटते. मला वाटत नाही. बँकेच्या कागदावर खाडाखोड चालते, तिच्यावर सही तेवढी लागते. तिसऱ्या माणसाची अब्रू वाचवायला केलेली खाडाखोड योग्यच. लेखकाची स्वतःची अब्रू वाचवायला केलेली असेल, तर मुलाखतकाराने सही करण्याआधी थांबावे. आणि एखादे वाक्य मागचा-पुढचा संदर्भ कापून, संगीत लावून रीलमध्ये वापरणे ही तर कोणाचीच सही नसलेली खाडाखोड.

मावळात राहून या विषयावर लिहायचे आणि गोनीदांची आठवण काढायची नाही, हे शक्य नाही. गो. नी. दांडेकर तळेगाव दाभाड्याला राहत. १९५५ साली आलेला ‘पवनाकाठचा धोंडी’ पवन मावळातला, १९५८ चा ‘माचीवरला बुधा’ राजमाचीवरचा; म्हणजे एक लोणावळ्याच्या दक्षिणेला तर दुसरा उत्तरेला. हा मुलूख मराठी कादंबरीत आणला तो त्यांनी. १९९८ साली ते गेले. आज ते असते आणि कोणी माइक घेऊन तळेगावला गेले असते, तर काय विचारले असते? बहुधा असे, की अप्पा, लहानपणी घर सोडून कसे गेलात? पण ते सारे त्यांनी ‘स्मरणगाथे’त लिहून ठेवले आहे, आणि त्या पुस्तकाला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कारही आहे. जे छापून उपलब्ध आहे ते पुन्हा वदवून घेण्यात अर्धा तास घालवणे, हा श्रोत्याचा आणि लेखकाचा, दोघांचा अपमान आहे. मी विचारले असते, धोंडीच्या तोंडची बोली तुम्ही कोणाकडून उचललीत आणि त्यातले कोणते शब्द छापताना गाळलेत? पवनेच्या खोऱ्यात पुढे धरणाचे पाणी पसरले. त्या पाण्याकडे पाहताना आपल्या पुस्तकातले कोणते ठिकाण तुम्ही आधी शोधता? दोन प्रश्न. दुपार पुरली नसती.

गोनीदांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली आणि ती पॉडकास्टवाल्यांनी जरूर अभ्यासावी. १९७५ पासून त्यांच्या कन्या डॉ. वीणा देव, जावई डॉ. विजय देव आणि पुढे घरातल्या इतरांनी त्यांच्या कादंबऱ्यांचे अभिवाचन सुरू केले. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. नुसते आवाज, आणि समोर पुस्तकातला मजकूर. लोक दोन-दोन तास ऐकत बसले. वीणाताई २०२४ साली गेल्या. त्यांच्या कुटुंबाने दाखवून दिले की मराठी श्रोत्याला साहित्य कानाने घेता येते, त्यासाठी त्याला किश्श्यांचे आमिष दाखवावे लागत नाही. म्हणून मुलाखतीत लेखकाला एक पान तरी वाचायला लावावे. वाचताना तो कुठे थांबतो, कोणता शब्द गिळतो, कुठे त्याचा आवाज बदलतो, हे ऐकावे. पुढचा प्रश्न तिथेच सापडतो. कामशेतच्या तरुणाला तो तिथेच सापडला.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. जी. ए. कुलकर्णी लोकांपासून, सभा-संमेलनांपासून दूर, आयुष्याचा बहुतेक काळ धारवाडला राहिले, आणि त्यांच्या कथांचे त्यावाचून काही अडले नाही. ते पत्रांतून भरभरून बोलले, तेही निवडक माणसांशी. लेखकाला गप्प बसण्याचा अधिकार आहे. मुलाखत हा पुस्तकाचा उत्तरार्ध नव्हे, की प्रकाशकाच्या जाहिरातीचा हप्ताही नव्हे. लेखक बोलायला बसलाच, तर त्या बोलण्याने पुस्तकाकडे जाणारी वाट रुंद झाली पाहिजे. ऐकणाऱ्याला ‘सगळं कळलंच’ असे वाटले तर मुलाखत फसली. ‘ते पान मला बघायचंय’ असे वाटले तर साधली. याहून वेगळी कसोटी मला सापडलेली नाही.

या कसोटीला उतरायचे तर काही गोष्टी ओघानेच येतात. कथानक सांगायला लावू नये. एका प्रसंगापाशी थांबावे. प्रश्न लहान असावा, आणि एका वेळी एकच असावा. ‘तुमच्या एकूण लेखनप्रवासाकडे मागे वळून पाहताना’ अशी सुरुवात झाली की लेखक शिक्क्याची डबी उघडतो. मुलाखतकाराने स्वतःचे ज्ञान दाखवू नये. वाचले असेल तर ते प्रश्नात दिसतेच. लेखकाला माणूस म्हणून अडचणीत आणायचे असेल तर आधी त्याच्या पुस्तकाचा मान राखलेला असावा. त्या तरुणाने माझी कादंबरी दोनदा वाचली होती, म्हणूनच मला तो प्रश्न उलटतपासणीसारखा वाटला नाही. पंखा बंद असावा, कुकर उतरवलेला असावा, माइक तोंडापासून वीतभर असावा. आणि शांतता कापू नये. संकलनाच्या यंत्रात सगळ्या निःशब्द जागा एका कळीने उडवण्याची सोय असते म्हणे. त्या कळीखाली माझे एकोणीस सेकंद गेले असते, आणि त्यानंतरचे बोलणे एखाद्या पाठ केलेल्या कबुलीसारखे ऐकू आले असते.

या सगळ्याची निकड मला मावळात जास्त वाटते. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ. गेल्या तीस वर्षांत या खोऱ्यांत द्रुतगती मार्ग आला, फार्महाऊसे आली, कारखाने आले. ज्यांनी हे बदल जमिनीवरून पाहिले आणि ज्यांनी त्यावर थोडेफार लिहिले, अशी माणसे आता सत्तरीपलीकडे आहेत. कोणी शाळामास्तर, कोणी रेल्वेतला कारकून, कोणी ओव्यांच्या वह्या जपून ठेवलेली आजी. त्यांच्या पुस्तकांच्या आवृत्त्या पाचशे प्रतींच्या आणि त्याही घरातल्या माळ्यावर. त्यांच्याकडे स्टुडिओ येणार नाही. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, आणि त्या कायद्याच्या आधाराने चालणारी वाचनालये लहान गावांतूनही आहेत. सभासद घटले म्हणून ती रडतात. त्यांनी वर्षाला चार मुलाखती कराव्यात. अट एकच ठेवावी: ज्याने पुस्तक पूर्ण वाचले आहे त्यानेच विचारायला बसायचे, मग तो बारावीतला मुलगा असो की निवृत्त पोस्टमन. गोधड्या प्रत्येक घरात आहेत.

मीही एक मुलाखत घ्यायचे ठरवले आहे. नाणे मावळातले एक निवृत्त शिक्षक आहेत, वय ब्याऐंशी, तीन पुस्तके. तिसरा आठवडा चालू आहे. दोन पुस्तके वाचून झाली, तिसऱ्याच्या समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत. वहीत अकरा प्रश्न लिहिले होते, त्यांतले नऊ खोडले. उरलेल्या दोघांपैकी एक अजून टेबलावरचाच वाटतो. दुसरा कदाचित दोराचा असेल. पाऊस थोडा कमी झाला की जाईन.